सातासमुद्रापलीकडचा द्राक्षमळा

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाची शेतीची हौस चार कुंड्यांत भागते. एकीत तुळस, दुसरीत कढीलिंब, तिसरीत वर्षातून दोनदा फुलणारा गुलाब आणि चौथीत शेजाऱ्यांनी गावाला जाताना सांभाळावयास दिलेले एखादे शोभेचे झाड. मुलुंडला राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांची हौसही एवढीच होती. जन्मभर कारखान्यात इंजिनियरची नोकरी केली, निवृत्त झाले आणि सकाळी कुंड्यांना पाणी घालू लागले. अशा ह्या गृहस्थांना गेल्या जानेवारीत एका रात्री फ्रान्समधून मुलाचा फोन आला. मुलगा म्हणाला, "बाबा, आम्ही द्राक्षाचा मळा घेतला."

फोन नीट लागत नव्हता. ह्यांना फक्त द्राक्षे ऐकू आली. ह्यांनी विचारले, "किती किलो?"

खरा प्रकार कळला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. मुलगा आणि सून तुलूझला नोकरीला आहेत. तेथून तीनेक तासांच्या अंतरावर, बोर्दो शहराच्या बाजूला, त्यांनी चार हेक्टर म्हणजे सुमारे दहा एकरांचा जुना मळा, त्यातील दगडी घर आणि पडकी वखार विकत घेतली होती. घराचे छप्पर गळते, मळा दोन वर्षे छाटलेला नाही, पण सूर्यास्त फार सुंदर दिसतो, असे सूनबाईंनी सांगितले. आमच्या स्नेह्यांच्या पत्नी पिंपळगाव बसवंतकडच्या, द्राक्षबागाईतदाराच्या घरच्या. त्यांनी सूर्यास्ताची चौकशी केली नाही. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "म्हणजे दारूच गाळायची ना शेवटी?" आणि दुसरा, "दोन वर्षे छाटणी नाही, मग वेली जिवंत आहेत कशावरून?"

पहिल्या प्रश्नावर मुलगा हसला. दुसऱ्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

पुढच्या रविवारी मी अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर आणि तेथून लोकलने मुलुंड असा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा टेबलावर मुलाने पाठविलेली यादी होती. मळा पुन्हा उभा करावयाचा तर कोणकोण माणसे नेमावी लागतील, याची ती यादी. पहिले नाव वाईन करणाऱ्या तज्ज्ञाचे, दुसरे वास्तुशिल्पज्ञाचे, तिसरे बाटलीवरच्या चिठ्ठीचे चित्र काढणाराचे. शेवटी खर्चाचा आकडा आणि त्याखाली एक ओळ: घाटकोपरची आजोबांच्या वेळची दोन खोल्यांची जागा आता विकावी काय?

"तुम्ही द्राक्षाच्या मुलखात पुष्कळ हिंडला आहात," ते मला म्हणाले. "ही यादी बरोबर आहे का, एवढेच सांगा."

प्रश्न लहान होता, पण त्याच्या उत्तरावर दोन खोल्या टांगलेल्या होत्या.

मळे स्वस्त का झाले?

बोर्दो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजेशाही वाडे आणि हजारो रुपयांच्या बाटल्या उभ्या राहतात. ते खोटे नाही, पण ते त्या मुलखाचे एक टोक आहे. पोमरोलसारख्या नामांकित गावी हेक्टरभर मळ्याला वीस लाख युरोंच्या घरात किंमत पडते. आणि तेथून मोटारीने थोडे दूर गेले की साध्या बोर्दो लाल वाईनच्या मळ्याचा भाव अलीकडे हेक्टरी दहा हजार युरोंच्या खाली आलेला आहे. म्हणजे अडीच एकर मळ्याला आपल्याकडील मोटार उभी करण्याच्या जागेचा दाम!

कारण असे की फ्रेंच माणूस आता पूर्वीइतकी लाल वाईन पीत नाही आणि परदेशी गिऱ्हाईकही घटले. माल पडून राहू लागला. शेवटी २०२३ साली सरकार आणि तेथील व्यापारी-बागाईतदारांची संघटना यांनी मिळून जिरोंद प्रांतातील सुमारे साडेनऊ हजार हेक्टर वेली उपटून टाकण्याची योजना आखली. उपटणाऱ्याला हेक्टरी सहा हजार युरो देऊ केले. जेथे सरकार वेली उपटण्यासाठी पैसे देते तेथे मळा स्वस्त मिळतो, यात नवल नाही. मळा विकत घेणे सोपे आणि तो चालविणे अवघड, हा त्या स्वस्ताईचा अर्थ.

या वेलींनी यापूर्वीही मरण पाहिले आहे. १८६० नंतर फायलॉक्सेरा नावाची मुळे खाणारी बारीक कीड अमेरिकेतून युरोपात शिरली आणि फ्रान्सचे मळे पाहता पाहता वाळून गेले. १८६८ साली मोंपेलियेचे प्राध्यापक प्लांशों यांनी ही कीड ओळखली. पुढे उपाय निघाला तो अमेरिकेचाच. किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीचा खुंट आणि त्यावर फ्रेंच वेलीचे कलम. आज आपल्या नाशिक-सांगलीकडे 'डॉगरिज' खुंटावर कलमे बांधतात तीही त्याच कुळातली विद्या, फक्त आपल्याला ती खारवट माती आणि पाण्याचा तुटवडा यांसाठी लागली.

नारायणगाव, नाशिक, अकलूज

परदेशी मळा कसा उभा करावा याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशातच जावयास हवे असे नाही. आपल्या महाराष्ट्रात हाच खेळ उलट्या बाजूने झालेला आहे. तेथे जमीन परकी आणि मालक आपला. येथे जमीन आपली आणि विद्या परकी होती.

१९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यात नारायणगावला द्राक्षाची फेसाळ वाईन करण्याचे मनावर घेतले, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढले असेल. त्यांनी फ्रान्समधील पायपर-हाइडसिक या शँपेनच्या पेढीचे तांत्रिक साहाय्य मिळविले. नारायणगावची ती वाईन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी विकली गेली.

दुसरे उदाहरण नाशिकचे. मुंबईचे राजीव सामंत अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकले, कॅलिफोर्नियात नोकरीला लागले आणि ती सोडून घरच्या जमिनीवर परत आले. सुरुवातीला त्यांनी आंबा लावून पाहिला, खाण्याची द्राक्षेही केली. मग कॅलिफोर्नियातील सोनोमाचे वाईनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांना नाशिकची माती आणि हवा दाखविली. वाईनच्या जाती लागल्या १९९७ साली आणि पहिली बाटली बाहेर पडली २००० साली. आईच्या सुलभा या नावावरून तिचे 'सुला' असे नाव ठेवले. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की तज्ज्ञ येण्यापूर्वी मालकाने त्या जमिनीवर काही हंगाम स्वतः काढले होते, चुकाही केल्या होत्या.

तिसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील अकलूजचे. तेथील मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्ची बंधू अशा तीन भावांच्या जोड्या एकत्र आल्या. म्हणूनच त्यांनी इटालियन भाषेत 'भाऊ' असा अर्थ असलेले 'फ्रातेली' हे नाव घेतले. वाईन करावयास टस्कनीचे पिएरो मासी आले. पण जमीन, पाणी आणि मजूर यांची बाजू सांभाळणारी माणसे पहिल्या दिवसापासून गावचीच होती. विद्या बाहेरून आणता येते, मुळे मात्र जागच्या जागीच असावी लागतात.

आणि चौथी गोष्ट सांगावयास हवी, ती कडू असली तरी. नारायणगावच्या ज्या उद्योगाने ही वाट पाडली, त्यानेच २००७-०८च्या सुमारास ऑस्ट्रेलिया व इंग्लंडात धंदे विकत घेतले. त्यानंतर जागतिक मंदी आली आणि कंपनी कर्जात बुडाली. वाईनची उत्तम जाण असलेली माणसेही परमुलखात पसरताना पैशाच्या हिशेबात कशी सापडतात, याचा हा धडा आहे. मी हे सांगितले तेव्हा आमच्या स्नेह्यांनी मुलाच्या यादीतील खर्चाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने एक गोल काढला.

कूळ आतच!

आमचे हे स्नेही त्यांच्या सोसायटीच्या पुनर्विकास समितीचे अध्यक्ष होते. उपनगरातील वाचकांना या पदाची थोरवी सांगावयास नको. त्यांच्या पहिल्याच सभेत सभासद स्वयंपाकघरातील लादीच्या रंगावरून भांडले. आणि जमिनीचे कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावे झालेलेच नाही, ही गोष्ट सातव्या महिन्यात कोणाच्या तरी ध्यानात आली. तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली होती. चित्र पाहण्यापूर्वी दस्त पाहावयाचा.

मुलाकडून त्यांनी खरेदीखताचे भाषांतर मागविले. फ्रान्समध्ये जमिनीची खरेदी नोतेर नावाच्या सरकारमान्य अधिकाऱ्यापुढे होते. शेतजमीन विकावयाची तर तो आधी 'साफेर' या संस्थेला कळवितो. १९६०च्या कायद्याने निघालेल्या या संस्थेला शेतजमीन स्वतः आधी विकत घेण्याचा हक्क आहे, म्हणजे जमीन शेतकऱ्याच्या हातून सहजासहजी सुटू नये. हे सारे रीतसर झालेले होते. पण सहाव्या पानावर एक वाक्य होते. चार हेक्टरांपैकी दीड हेक्टर शेजारच्या शेतकऱ्याकडे खंडाने दिलेले असून करार चालू आहे.

"म्हणजे कूळ!" आमचे स्नेही उभेच राहिले.

ते बरोबर बोलत होते. आपल्याकडे १९४८चा कूळकायदा, तसा तेथेही खंडकऱ्याला भक्कम संरक्षण देणारा कायदा आहे. शेतजमिनीचा खंडकरार कमीत कमी नऊ वर्षांचा. जमीन विकली तरी खंडकरी जागचा हलत नाही आणि विकावयाच्या वेळी पहिला हक्क त्याचा. या शेजाऱ्याने तो हक्क बजावला नव्हता, कारण भाव पडत असताना आणखी जमीन त्याला नको होती. मुलाला हे ठाऊक होते, पण ही अडचण पुढे केव्हा तरी वकिलाकडून दूर करून घेऊ, असा त्याचा विचार होता.

एप्रिलमध्ये नवराबायको नव्वद दिवसांच्या परवान्यावर तेथे पोचली. त्या मुलखाला 'दोन समुद्रांमधला' असे नाव आहे, पण समुद्र वगैरे काही नाही. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्यांमधला तो दुआब. माती चिकण, खाली चुनखडी. फोनवरच्या चित्रांत मळा एकसारखा हिरवा दिसत होता. प्रत्यक्षात त्याचे दोन तुकडे होते. अडीच हेक्टरांत काड्यांचे रान माजलेले, तारा लोंबत्या, मधेमधे तुटाळ. आणि बांधापलीकडे कुळाच्या दीड हेक्टरांत एकेक ओळ आखून ठेवल्यासारखी, प्रत्येक वेलीला मोजकी काडी, काडीला मोजके डोळे.

बाईंनी त्या ओळींत उभे राहून बराच वेळ पाहिले आणि मुलाला म्हणाल्या, "तुला माणसे नेमायची आहेत ना? पहिला माणूस हा. ह्याला घालवायचा नाही, ह्याला विचारायचे."

पासष्टीचा तो शेतकरी दुसऱ्या दिवशी आला. भाषा कोणाची कोणाला येईना. सून मधे बसली. तो फवारणीविषयी बोलू लागला आणि त्यात 'बुयी बोर्दलेझ' हा शब्द आला. सून अर्थ सांगण्यापूर्वीच बाई म्हणाल्या, "बोर्डो मिश्रण! मोरचूद आणि चुना!" केवड्यावरचे हे औषध नाशिकच्या पोरासोरांना ठाऊक असते. त्याचा जन्म ह्याच मुलखातला. मेदोक भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचुदाचा निळा थर देत. त्याच ओळी केवड्यातून वाचतात हे १८८२च्या सुमारास मियार्दे या प्राध्यापकांनी पाहिले आणि १८८५ साली मिश्रण जगापुढे मांडले. त्या एका शब्दावर दोघांची ओळख पटली.

बाईंना आपल्या ज्ञानाची मर्यादाही तेथेच कळली, हे त्यांनी मला मोकळेपणाने सांगितले. आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये खरडछाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च घड हाती. तेथे वेल हिवाळाभर निजते, छाटणी वर्षातून एकदा थंडीत आणि तोड सप्टेंबर-ऑक्टोबरात. शिवाय एप्रिलात कोवळ्या फुटीवर दहिवर पडले तर वर्षाचे पीक एका रात्रीत करपते. २०१७ आणि २०२१ साली असे झालेले आहे. "माझे वडील तेथे गेले असते तर त्यांनीही आधी शेजाऱ्यालाच विचारले असते," त्या म्हणाल्या.

माणसे कोणत्या क्रमाने?

त्या नव्वद दिवसांत मुलाची यादी खालून वर झाली. परदेशात जुना मळा घेणाऱ्या, किंवा कोकणात वाडी घेणाऱ्याही, कोणालाही उपयोगी पडेल म्हणून ती येथे देतो.

पहिला, त्या मातीत राबणारा माणूस. शेजाऱ्याशी उरलेल्या अडीच हेक्टरांच्या छाटणी-फवारणीचा वेगळा लेखी करार झाला. त्याने प्रत्येक ओळ फिरून वेलींना तीन रंगांच्या फिती बांधल्या: निरोगी, रोगट आणि मेलेली. मेलेली वेल दिसली की उपटण्याचा मोह होतो, पण तेथे नियम आडवा येतो. युरोपात २०१६पासून परवान्याशिवाय वाईनची नवी वेल लावता येत नाही. जुनी वेल रीतसर नोंद करून उपटली तरच तेवढ्या जागेवर पुन्हा लावण्याचा हक्क मिळतो, तोही ठरलेल्या मुदतीत वापरावा लागतो. नोंदीवाचून कुदळ मारली की हक्क गेला.

दुसरा, मोजणीदार. आपल्याकडे बांध कोरतात, तेथेही कोरतात.

तिसरा, माती पाहणारा. प्रत्येक प्रांतात शेतीचे सरकारमान्य मंडळ असते, त्याचा सल्लागार येतो. चार ठिकाणी पुरुषभर खड्डे घेऊन थर पाहिले. एका कोपऱ्यात पाणी साचून मुळे कुजत होती. तेथे कितीही उंची कलमे लावली असती तरी वाया गेली असती.

चौथा, हिशेबनीस. नवी वेल लावल्यावर तीन वर्षे हाती काही येत नाही, पण मजुरी दर महिन्याला द्यावी लागते. येथून पैसे पाठवावयाचे तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरांची मर्यादा. आमच्या स्नेह्यांना ही मर्यादा पुष्कळच मोठी वाटली. त्यांना अडचण होती ती आपल्या स्वतःच्या मर्यादेची.

पाचवा, वास्तुशिल्पज्ञ. तेथे घराचे क्षेत्र १५० चौरस मीटरांच्या वर जाणार असेल तर तो सक्तीचाच. पण तो कंत्राटदाराचा नव्हे, मालकाचा माणूस असला पाहिजे. सोसायटीच्या पुनर्विकासात बिल्डरआधी आपला स्वतंत्र सल्लागार नेमतात, तसेच. प्रत्येक गवंड्या-सुताराकडून दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचा कागद काम सुरू होण्याआधी पाहावयाचा. १९७८च्या कायद्याने तो सक्तीचा आहे. मैलाटाकीची सरकारी तपासणी झाली होती. टाकी नापास होती आणि ती खरेदीनंतर वर्षभरात नवी करणे मालकावर बंधनकारक होते. ही बाब सूर्यास्ताच्या चित्रात आली नव्हती. म्हणून पहिल्या वर्षी घराचे फक्त छप्पर, पन्हळी आणि मैलाटाकी. रंगाला कोणी हात लावावयाचा नाही.

आणि सहावा, वाईनतज्ज्ञ. तो आता नेमलाच नाही. त्या बाजूला सहकारी वाईन कारखाने आहेत. आपल्याकडे ऊस सहकारी साखर कारखान्याला घालतात तशी द्राक्षे तेथे घालता येतात. कुळाचा सहकारीशी जुना संबंध होता, त्याच्या शब्दाने ह्यांचीही सोय झाली. भाव थोडका, पण यंत्रे, पिंपे आणि तज्ज्ञाचा पगार यांचा खर्च टळला. बाईंच्या पहिल्या प्रश्नाचेही आपोआप निम्मे उत्तर मिळाले. "आम्ही द्राक्षे विकतो," असे त्या आता नातेवाइकांना सांगतात. चिठ्ठीवर चित्र काढणारा मात्र यादीतून गेला.

घाटकोपरच्या दोन खोल्या

मुलाला हे सारे सहज पटले असे समजू नका. एके रात्री बापलेकांचे चांगलेच वाजले. मुलगा म्हणाला, "तुम्हांला माझ्यावर भरवसा नाही, म्हणून खोल्या विकत नाही." आमचे स्नेही म्हणाले, "खोल्या विकल्या तर तुझ्या मळ्याला पहिल्याच वर्षी पीक आले पाहिजे असे मला वाटू लागेल. मग मी तुला रोज फोन करीन. न विकता मी तीन वर्षे वाट पाहू शकतो." मुलगा उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने बाप मळ्यात गेला तर मुलगा विजेरी घेऊन रोगट वेलींच्या फिती मोजीत होता. तो काही बोलला नाही. ह्यांनी दुसऱ्या ओळीपासून मोजावयास सुरुवात केली.

जून संपता संपता ही दोघे मुलुंडला परतली. सप्टेंबरात पहिली तोड झाली. अडीच हेक्टरांत जेमतेम एका हेक्टराचा माल निघाला. तो सहकारी कारखान्यात गेला. त्या पैशांत मैलाटाकीचा निम्मा खर्चही भागला नाही. पण छप्पर गळावयाचे थांबले आहे आणि उपटलेल्या वेलींची नोंद वेळेवर झाली आहे.

गेल्या आठवड्यात फराळाला बोलावणे आले म्हणून गेलो होतो. बाई फोनवर होत्या. इकडे पिंपळगावला भावाची ऑक्टोबर छाटणी आटोपली होती आणि तिकडे पाने लाल होऊन गळू लागली होती. सून विचारीत होती की छाटणी केव्हा सुरू करावयाची.

"मला काय विचारतेस?" बाई म्हणाल्या. "त्यांना विचार. आणि दिवाळीचा डबा पोचला की त्यातल्या चकल्या आधी त्यांच्या घरी दे."